वाटाण्याच्या वेलीचा सिनेमा

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मी कधीही बघायला बसतो, आणि दरवेळी जीव अडकतो तो वाटाण्यात. लंडनहून कॅमेरा घेऊन आलेले दादासाहेब फाळके कुंडीत वाटाणे पेरतात, समोर कॅमेरा रोखतात आणि महिनाभर त्या कुंडीचा पिच्छा सोडत नाहीत.

त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. दांडा सलग फिरवला की सेकंदाला साधारण सोळा चित्रं उठायची. फाळके एकच चित्र घेऊन थांबायचे, मग बऱ्याच वेळाने पुढचं. मधल्या वेळात कोंब कितीही वाढो, फिल्मला त्याचा पत्ताच नाही. तिच्यावर ही दोन चित्रं शेजारी शेजारी. पुढे तीच फिल्म नेहमीच्या वेगाने पडद्यावर सोडली की माती फुटते, कोंब मान वर काढतो, वेल सरसर चढते आणि अख्खा महिना डोळ्यांदेखत सरतो! १९१२ साली मुंबईत हे पाहणाऱ्यांचं काय झालं असेल? एक माणूस तर हे बघून सिनेमासाठी भांडवल द्यायला तयार झाला. तारण मात्र फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने.

फाळके म्हटलं की आपण जिद्द आणि हालअपेष्टांबद्दल बोलतो. तेही खरंच, डोळे जाता जाता वाचले होते, विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. पण नंदू माधव यांनी साकारलेले फाळके कुठेही कष्टी दिसत नाहीत. मला वाटतं, मोकाशींनी त्यांची नस बरोबर पकडली आहे. आपलं वेड या माणसाने एकट्यापाशी ठेवलंच नाही, साऱ्या घराला लावलं. मी या सिनेमाकडून शिकलो ते हेच. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी कुणी बाई मिळेना, तेव्हा खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. सिनेमात काम करणं लोकांना कमीपणाचं वाटे, म्हणून नटांनी सांगायचं, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. मोकाशींच्या सिनेमाचं नाव आलं ते इथून.

आणि सरस्वतीबाई! स्वयंपाक करून साऱ्या मंडळींना जेवू घालायचं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचा, आणि अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायची. तेव्हा कोरी फिल्म बिनभोकांची यायची. कडेच्या भोकांत यंत्राचे दाते अडकतात, तेव्हा कुठे फिल्म पुढे सरकते. भोक जरा इकडेतिकडे झालं की पडद्यावर चित्र थरथरलंच. उजेड लागला तर सगळी फिल्म वाया, म्हणून हे काम अंधारातच.

आता हिशेब मांडू. फुटाला सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. पावणेपाच लाखांच्या घरात भोकं झाली, आणि तीही फक्त पडद्यावर आलेल्या फिल्मची. चित्रीकरणात फुकट गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही.