शेवाळ चुन्याला भितं?

पावसाळा लागला की अंगणात, पायऱ्यांवर चुन्याची फक्की मारणारे पुष्कळ जण आहेत. समजूत अशी, की शेवाळाला आम्ल म्हणजे आंबट माती लागते. चुना टाकला की झालं! मैत्रिणींनो, हे अर्धंच खरं. मखमली शेवाळाला खरी मुळं नसतात. पाणी ते पानांतूनच पितं, त्यामुळे पाण्याचा गुण त्याला लगेच लागतो. थंड देशांच्या दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ ४ पीएचच्या आसपासच्या आंबट पाण्यात वाढतं आणि भोवतालचं पाणी आणखी आंबट करत जातं. चुनखडीच्या पाण्यात त्याच्या बहुतेक जाती तग धरत नाहीत. पण काही शेवाळं चुन्याच्या भिंतींवरच सुखानं नांदतात. जुन्या वाड्याची भिंत बघा ना! थोडक्यात, चुन्यानं शेवाळाची जात बदलेल, शेवाळ जाईलच असं नाही.

आणि बाथरूमचं अ‍ॅसिड तर नकोच गं बाई! ते सिमेंट खातं, खडबडीत पायरीत ओल जास्तच मुरते. घरात सासूबाई असतील, तर एकदा पाय घसरला की खुब्याचं हाडच जायचं. त्यापेक्षा पागोळ्यांचं पाणी पायरीवर पडतंय का ते पाहा, सावली धरणारी फांदी छाटा आणि आठवड्यातून एकदा खराट्यानं खसखसून घासा.