लोकांच्या पैशाची इमारत

सिअ‍ॅटलमध्ये पाऊस भरपूर, पण उन्हाळा बराचसा कोरडा. तिथल्या नगरभवनाच्या छतावर पडणारं पाणी वाया जात नाही; टाकीत साठवून ते शौचालयांना आणि झाडांना पुरवलं जातं.

यामागे एक धोरण आहे. 2000 साली या अमेरिकी शहराने ठरवलं, की पालिकेच्या पैशातून 5,000 चौरस फुटांहून मोठी इमारत उभी राहणार असेल, तर तिने ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनाचा रौप्य दर्जा मिळवलाच पाहिजे. वीज, पाणी, बांधकाम साहित्य, आतली हवा अशा निकषांवर गुण मिळतात. 2011 मध्ये ही अट सुवर्ण दर्जापर्यंत गेली.

हा आग्रह रास्तच आहे. बिल्डर इमारत विकून मोकळा होतो. पालिकेला मात्र तिचं वीजबिल वर्षानुवर्षं भरायचं असतं, तेही करदात्यांच्या खिशातून. न्यूयॉर्कनेही 2005 मध्ये असाच कायदा केला.