चार फुगे आणि पाण्याचा वाक

अकरावीला रेणूंचे आकार शिकवायचे असले की मी वर्गात फुगे घेऊन जाते. दोन फुगे तोंडाशी बांधले की ते एका रेषेत येतात, तीन बांधले की त्रिकोण. चार बांधले की मुलं गप्प होतात, कारण ते अधिकच्या चिन्हासारखे सपाट बसतच नाहीत. एक वर जातो, तीन खाली फाकतात. हाच चतुष्फलक, मिथेनचा आकार, कोन 109.5 अंशांचा. कार्बनचे बंध असे पसरलेले असतात, हे रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने 1874 साली मांडलं तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता!

अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्याही अशाच एकमेकींपासून लांब सरतात. मुलं अडतात ती आकाराच्या नावापाशी. पाण्यात ऑक्सिजनभोवती जोड्या चारच, पण दोघींना हायड्रोजन जोडलेला नाही; त्या एकाकी जोड्या. नाव ठरतं ते अणूंच्या जागेवरून. म्हणून पाण्याचा रेणू चतुष्फलक नव्हे, वाकलेला. मग मी चारातले दोन फुगे आणखी मोठे फुगवते. एकाकी जोड्या जास्त जागा अडवतात, बाकीचे दोघे जवळ ढकलले जातात, कोन 104.5 वर येतो. पाण्याचा रेणू सरळ असता तर त्याला धन आणि ऋण अशा दोन बाजू उरल्या नसत्या, आणि आमटीतलं मीठ तळाशी तसंच बसून राहिलं असतं.