हिवाळ्यातील लहान जलाशय : शैवाल व मत्स्य व्यवस्थापन (सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

बंगल्याच्या आवारातील कमळाचा हौद, महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र उद्यानातील तळे आणि द्राक्षबागेच्या कडेचे प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे यांचे आकारमान भिन्न असले तरी त्यांचे जीवशास्त्र बव्हंशी एकच आहे. पाणी साठलेले असते, त्यात शैवाल वाढते आणि मासे राहतात. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर अशा जलाशयांची संख्या वाढली. ताकारी, म्हैसाळ व टेंभू उपसा सिंचन योजनांमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात पोहोचले आणि तेथील शेततळ्यांत मत्स्यपालनही होऊ लागले.

बागेतील तळ्यांविषयीचे बरेचसे लेखन शीत देशांतील अनुभवावर आधारलेले आहे. तेथे हिवाळ्यात पृष्ठभाग गोठतो, आणि बर्फाखाली माशांना प्राणवायू कसा मिळेल हा मुख्य प्रश्न असतो. सातारा व सांगली जिल्ह्यांत हा प्रश्न उद्भवत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याचे दिसते, परंतु तलाव गोठत नाही. येथील हिवाळ्यात माशांना खरा धोका थंडीपेक्षा शैवालाच्या अनिर्बंध वाढीचा आणि त्याहूनही अधिक त्याच्या एकाएकी होणाऱ्या नाशाचा असतो. या धोक्याचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हिवाळ्यातील पाण्याचे स्वरूप

पावसाळ्यात पाणी गढूळ व आकाश ढगाळ असल्याने प्रकाश खोलवर जात नाही. ऑक्टोबरनंतर गाळ तळाशी बसतो, पाणी निवळते आणि स्वच्छ ऊन तळापर्यंत पोहोचते. दिवसाचे तापमान 28 ते 30 अंशांपर्यंत जात असल्याने शैवालाची वाढ थांबत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेले नत्र व स्फुरद त्याला आयतेच मिळतात. मिरजेच्या गणेश तलावासारख्या जेथे विसर्जनाची परंपरा आहे अशा तलावांत निर्माल्य पाण्यात राहिल्यास त्याच्या कुजण्यातून पोषकद्रव्यांत भर पडते. याच काळात कमळाची पाने वाळू लागतात आणि पाण्यावरील नैसर्गिक सावली कमी होते.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला 30 अंश तापमानात एक लिटर पाण्यात सुमारे 7.5 मिलिग्रॅम, तर 15 अंशांस सुमारे 10 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शिवाय थंडीत माशांची प्राणवायूची गरजही घटते. म्हणजेच केवळ थंडीमुळे मासे गुदमरत नाहीत. मात्र दिवसा प्राणवायू निर्माण करणारे शैवाल रात्री तोच प्राणवायू वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू नीचांकाला जातो. हे प्रमाण लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

खोल शेततळ्यात आणखी एक बाब संभवते. एकाएकी थंडी पडली की पृष्ठभागाचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते आणि तळाचे प्राणवायूहीन पाणी वर मिसळते. त्यास सलग ढगाळ हवामानाची जोड मिळाली तर एका रात्रीत मासे मरू शकतात.

शैवालाचे प्रकार

1) सूक्ष्म हरित शैवाल : यामुळे पाणी हिरवट दिसते. ते मर्यादित प्रमाणात उपयुक्त असते, कारण त्यावर प्राणिप्लवक व मासे पोसले जातात. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडली असता ती 30 ते 40 सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाल्यास हे प्रमाण योग्य समजावे.

2) तंतुमय शैवाल : स्पायरोगायरासारखे केसाळ, बुळबुळीत शैवाल निवळ व उथळ पाण्यात हिवाळ्यात जोमाने वाढते. त्यात लहान मासे अडकतात आणि ठिबक सिंचनाच्या गाळण्या तुंबतात.

3) नील-हरित शैवाल : मायक्रोसिस्टिससारख्या प्रकारांचा रंगासारखा तवंग वाऱ्याने एका काठाला जमतो. यांतील काही प्रकार विषारी असल्याने असे पाणी जनावरांना पाजू नये.

मोरचुदाचा प्रश्न

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असते. त्याने शैवाल मरते हेही सर्वज्ञात आहे. परंतु एक टक्का बोर्डो मिश्रणात 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद लागते, तर तळ्यातील मात्रा त्याच्या हजारो पटींनी कमी असते. पाण्याची एकूण विम्लता (अल्कलीपणा) लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजून तिला 100 ने भागल्यास लिटरमागे मोरचुदाची मात्रा मिळते. विम्लता 60 असल्यास ही मात्रा लिटरला 0.6 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 लिटरच्या हौदास अवघी 6 ग्रॅम होते. मूठभर मोरचूद याच्या कित्येक पटींनी अधिक भरते.

विम्लता 50 पेक्षा कमी असलेल्या पाण्यात मोरचूद मुळीच वापरू नये, कारण मृदू पाण्यात तांबे माशांना अधिक विषारी ठरते. अतिवृष्टीच्या पश्चिम भागातील पाणी मृदू असण्याची शक्यता अधिक असल्याने जत तालुक्यातील कठीण पाण्यात निभावलेली मात्रा जावळी वा पाटणमध्ये घातक ठरू शकते. मात्रा अचूक असली तरीही सर्व शैवाल एकदम मारले की ते कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. मासे अनेकदा मोरचुदाने नव्हे, तर या कुजण्याने मरतात. म्हणून फवारणीचे पंपही शेततळ्याच्या काठावर धुऊ नयेत.

माशांची हिवाळ्यातील स्थिती

कटला, रोहू व मृगळ यांची भूक पाण्याचे तापमान 20 अंशांखाली गेल्यावर स्पष्टपणे मंदावते. सायप्रिनस व शोभेचा सोनमासा थंडी चांगली सोसतात. डास निर्मूलनासाठी हौदात सोडले जाणारे गप्पी मासे मात्र उष्ण प्रदेशातील असल्याने उथळ हौदात गारठतात. खाल्ले न गेलेले खाद्य तळाशी कुजून पुन्हा शैवालाचेच खत होते. गवत्या मासा शैवाल संपवील ही अपेक्षाही हिवाळ्यात फोल ठरते, कारण त्याचीही भूक मंदावलेली असते.

1988 मध्ये ईशान्य भारतात प्रथम आढळलेला व्रणरोग थंड व कमी विम्लतेच्या पाण्यात बळावतो. अंगावर लाल चट्टे व पुढे खोल जखमा ही त्याची लक्षणे होत.

व्यवस्थापनाची सूत्रे

1) तंतुमय शैवाल दाताळ्याने किंवा काठीला गुंडाळून काढावे. एका आठवड्यात एक तृतीयांशापेक्षा अधिक काढू नये. काढलेले शैवाल काठावर न ठेवता कंपोस्ट खड्ड्यात टाकावे.

2) पाण्याचे तापमान 20 अंशांखाली गेल्यास खाद्य निम्म्यावर आणावे आणि 15 अंशांखाली बंद करावे. खाद्य ऊन तापल्यावर, दुपारच्या सुमारास द्यावे.

3) वाळलेली कमळपाने व निर्माल्य कुजण्यापूर्वी बाहेर काढावे.

4) पहाटे मासे वर आलेले दिसल्यास पंपाने पाणी उंचावरून तुषाररूपाने सोडावे. त्या दिवशी खाद्य देऊ नये.

5) विम्लता कमी असल्यास चुनखडीची भुकटी चौरस मीटरला सुमारे 20 ग्रॅम या प्रमाणात सकाळी पसरावी. कळीचा चुना वापरू नये, कारण त्याने पाण्याचा सामू एकाएकी वाढतो.

6) हौदाच्या एक तृतीयांश भागावर सावली राहील अशी योजना करावी. हौदाचा काही भाग किमान एक मीटर खोल ठेवावा.

समारोप

सातारा व सांगली जिल्ह्यांतील हिवाळा माशांना मारक नाही. तो शैवालाला अनुकूल आणि मालकाच्या उतावीळपणाला प्रतिकूल आहे. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात सुमारे 20 लाख लिटर पाणी असते आणि दुष्काळी भागात उन्हाळ्यातील बाग त्यावरच जगते. ते पाणी औषधाने दूषित होणे हे माशांच्या हानीपेक्षाही मोठे नुकसान होय. म्हणून शैवालाचे निर्मूलन हे उद्दिष्ट न ठेवता त्याचे प्रमाण राखणे हेच उद्दिष्ट असावे. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक दाताळे, एक तापमापक व एक पांढरी थाळी, आणि पहाटे तळ्याकडे टाकलेली एक नजर.