सायलेन्सरचा पत्रा कोणता?

मोटारीचा सायलेन्सर धुराच्या आचेपेक्षा धुरातल्या पाण्याने लवकर सडतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघते. नळी तापलेली असेल तर वाफ बाहेर पडते. थंड असेल तर आतच पाणी साचते, त्यात धुरातली आम्ले उतरतात आणि पत्रा आतून खायला लागतात. १ एप्रिल २०२० पासून इंधनातले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. त्यामुळे आम्ल घटले. पाणी मात्र तेवढेच राहिले.

उदाहरणार्थ, देवळी तालुक्यातल्या नाचणगावाला पुलगाव लागूनच आहे. तेवढ्यापुरती गाडी काढली तर मागचा सायलेन्सर तापायच्या आत इंजिन बंद होते. तीच गाडी वर्ध्यापर्यंत गेली, तर साचलेले पाणी वाटेतच उडून जाते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने इथल्या हवेत खार नाही. पण पावसाळ्यात गाडीखाली बसलेली काळी माती ओल धरून ठेवते.

नळीच्या प्रत्येक भागाची गरज वेगळी. इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल गाडीचा धूर ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तिथे सिलिकॉन-मॉलिब्डेनम मिसळलेले बीड किंवा १८ टक्के क्रोमियमचे ४४१ जातीचे स्टेनलेस वापरतात. मागे आच कमी आणि पाणी जास्त. तिथे साधा लोखंडी पत्रा सर्वांत स्वस्त, पण लवकर गंजणारा. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला त्याहून टिकाऊ. ४०९ स्टेनलेसमध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के असते. त्यातले टायटॅनियम कार्बनला बांधून ठेवते, म्हणून वेल्डिंगच्या सांध्यालगत क्रोमियम कमी पडत नाही. वरून हा पत्रा तपकिरी दिसला तरी सहसा लगेच भोक पडत नाही. नाचणगावसारख्या समुद्रापासून दूरच्या मुलखात तो पुरतो. कोकणच्या खाऱ्या हवेत १७ ते १८ टक्के क्रोमियमचा ४३९ बरा.

भांड्यांचे ३०४ स्टेनलेस गंजाला आणखी दाद देत नाही. मात्र त्यात निकेल असल्याने ते महाग, शिवाय उष्णतेने जास्त वाढते. ५०० अंशांनी तापल्यावर एक मीटर नळी ३०४ची असेल तर सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, ४०९ची सुमारे सहा. वाढीला जागा ठेवली नाही तर सांधे तडकतात. चुंबक ४०९ला चिकटतो, ३०४ला सहसा नाही. म्हणून चुंबक चिकटला की माल हलका, हा समज चुकीचा.

दुरुस्तीत जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी जोडणे टाळावे. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर कारागिराला बाधतो. काही सायलेन्सरच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ते गळती समजून बुजवले, तर महागडा पत्राही आतल्या पाण्यात भिजत राहतो.