देवाचा कौल आणि मतपेटीतला कौल

‘कौल’ हा शब्द पेडणे महालात दोन ठिकाणी सारख्याच गांभीर्याने उच्चारला जातो. देवळात तो देवाचा असतो आणि निवडणुकीत लोकांचा. लग्नकार्य, जमिनीचा तंटा किंवा गावावरचे संकट अशा प्रसंगी देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ लावले जातात आणि ते कोणत्या बाजूने सुटतात यावरून देवाची संमती ओळखली जाते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकाच्या भवितव्यावर मतदान झाले, तेव्हा त्यालाही ‘जनमत कौल’ हेच नाव मिळाले. धर्मश्रद्धा माणसाचे मत घडवते, हे सर्वमान्य आहे. ती ते कितपत आणि कोणत्या मार्गाने घडवते, याचा उलगडा मात्र याच मातीत शोधावा लागतो.

भाषा, जमीन आणि देऊळ

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. नव्या काबिजादींचा हा प्रदेश राजसत्तेत उशिरा सामील झाल्यामुळे येथील देवळे शाबूत राहिली आणि त्यांच्या आश्रयाने भजन, कीर्तन, पोथीवाचन व जत्रेतील नाटके चालू राहिली. हा सारा व्यवहार मराठीतून होत असे. त्यामुळे येथील सामान्य कुळाच्या मनात मराठी, धर्म आणि स्वाभिमान ही एकाच धाग्यात ओवली गेली. मुक्तीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने हा धागा ओळखला. मात्र केवळ श्रद्धेला हात घालून भाऊसाहेब बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले नाहीत. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला संरक्षण आणि गावात शाळा ही आश्वासने त्या धाग्याला जोडलेली होती. १९६४ चा कूळ कायदा हे त्याचेच फलित.

जनमत कौलाने या समीकरणाची मर्यादाही दाखवली. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत विलीनीकरणाच्या बाजूचे मत प्रबळ होते. तरीही एकंदर निकालात विलीनीकरणाला १,३८,१७० आणि संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली. त्या वेळी लोकसंख्येत हिंदू बहुसंख्य होते. मतदान निव्वळ धर्मावर झाले असते, तर निकाल उलटा लागता. पुढे मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी त्याच बांदोडकरांच्या हाती पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरण नको, पण हे सरकार हवे, असा विवेक त्या मतदाराने अवघ्या काही आठवड्यांत दाखवला.

जन्माने मिळणारे मत

देऊळ आणि मतदानकेंद्र यांत एक मूलभूत भेद आहे. गोव्यातील बहुतेक देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन महाजनी नियमावलीनुसार चालतो. महाजनांच्या यादीत ज्या कुळांची नोंद आहे, त्यांतील व्यक्तींनाच व्यवस्थापन समिती निवडण्याचा अधिकार असतो. देवस्थानांवर प्रशासक म्हणून मामलेदाराची देखरेख असते. साहजिकच मानपान, पालखी आणि पूजेचे हक्क यांवरून होणारे तंटे देवळाच्या प्राकारातून मामलेदार कचेरीत आणि तेथून राजकारणात पोहोचतात. कोणता पुढारी कोणत्या गटाच्या पाठीशी उभा राहिला, हे गाव वर्षानुवर्षे विसरत नाही.

दुसरीकडे, राज्याच्या ४० मतदारसंघांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एकमेव मतदारसंघ पेडणे हाच आहे. देवळातील मान जन्माने ठरतो, येथील आमदार मात्र सर्वांच्या मतांनी निवडला जातो. ज्याला देवळाच्या सभेत मत नाही, त्याचे मतपेटीतील मत महाजनाच्या मताइतकेच मोलाचे असते. श्रद्धेच्या नावाने ‘गावाचे मत’ सांगितले जाते तेव्हा ते नेमके कोणाचे मत, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

शपथेची किंमत

कोजागरीच्या पेडण्याच्या पुनवेला भूतनाथ एका रात्रीत देऊळ बांधून मागतो आणि रुसून धावत सुटतो, अशी श्रद्धा आहे. ‘बांधू’ असे आश्वासन देऊन भक्त त्याला परत आणतात आणि पुढल्या वर्षी तोच सोहळा पुन्हा घडतो. देव आणि भक्त यांच्यातील हे नाते प्रेमाचे असल्यामुळे त्या आश्वासनाचा हिशेब कोणी मागत नाही. उमेदवार मात्र देवासमोर आश्वासन देतो, तेव्हा ऐकणारे मतदार असतात आणि त्यांना हिशेब मागण्याचा हक्क असतो.

२०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा येथे पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी पक्षाच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला, असे त्यांपैकी दिगंबर कामत यांनी सांगितले. शपथ आणि तिच्यातून सुटका, दोन्हींसाठी देवाचाच आधार घेतला गेला. श्रद्धाळू समाजात देवासमोर दिलेला शब्द कागदावरच्या करारापेक्षा मोठा मानला जातो. राजकारण नेमकी हीच पत उसनी घेते.

कायद्याची मर्यादा

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार अमुक उमेदवाराला मत दिले वा न दिले तर दैवी अवकृपा होईल, असे मतदाराला भासवणे हा भ्रष्ट आचार ठरतो. उमेदवाराच्या धर्माच्या नावाने मत मागणेही तसेच. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने या मनाईत मतदाराच्या धर्माचाही समावेश केला. मतासाठी देवाची भीती घालायला कायद्याची मनाई आहे. उमेदवाराने स्वतः देवाची शपथ घेऊन विश्वास कमावण्यावर मात्र त्याचे बंधन नाही आणि ती शपथ मोडणाऱ्याला या कलमाखाली शिक्षाही नाही.

ही उणीव मतदारालाच भरून काढावी लागते. उमेदवार गाऱ्हाण्याला उभा राहिला म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण तोही श्रद्धाळू असू शकतो. पण ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या गावाने पाच वर्षांनी त्या गाऱ्हाण्यातील प्रत्येक मागणे आठवावे. पाणी आले का, रस्ता झाला का, तरुणांना गावातच काम मिळाले का आणि दिलेला शब्द पक्षांतरानंतरही टिकला का, हे प्रश्न देवळाबाहेर विचारायचे आहेत. त्यांची उत्तरे पाकळ्यांवरून मिळत नाहीत. ती कामाच्या नोंदींत आणि सभागृहातील वर्तनात शोधावी लागतात.