अंग बाहेर येते, म्हणजे काय येते?

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात प्रजननसंस्थेवरचे माझे व्याख्यान संपले. चहाच्या सुट्टीत एक बाई जवळ आल्या आणि आजूबाजूला कोणी नाही असे पाहून म्हणाल्या, "मॅडम, बायकांचे अंग बाहेर येते म्हणतात, तेव्हा नेमके काय बाहेर येते हो?" प्रश्न त्यांच्या सासूबाईंसाठी होता. त्या आठ वर्षे घट्ट कापड बांधून शेतात कामाला जात होत्या.

मी फळ्यावर काढलेल्या आकृतीत याचे उत्तर नव्हते. आकृती पाठ्यपुस्तकातलीच होती. समोरून दिसणारे गर्भाशय, दोन्हीकडे बीजवाहिन्या आणि बीजांडकोश. जणू सारे अधांतरी टांगलेले! शेजारी कोण, खाली आधार कशाचा, हे तिच्यात कळतच नाही. म्हणून मी दुसरी आकृती काढली, शरीर मधोमध उभे कापून बाजूने पाहिल्यासारखी.

या आकृतीत पुढे जघनास्थी आणि मागे त्रिकास्थी व माकडहाड दिसते. मधल्या जागेत सर्वांत पुढे मूत्राशय, मग गर्भाशय व त्याखाली योनिमार्ग, आणि मागे मलाशय. गर्भाशय एरवी जेमतेम ७.५ सेंटिमीटर लांब असते. बहुतेक स्त्रियांत ते पुढे झुकून मूत्राशयावर टेकते. (काहींत ते मागे कललेले असते. तो आजार नव्हे, उगाच धास्ती घेऊ नये.) योनिमार्गाची पुढची भिंत मूत्राशयाला लागून असते, मागची मलाशयाला. या शेजाऱ्यांमध्ये हाड नाही. आहे तो फक्त तंतुमय ऊतीचा पातळ थर.

या सर्वांना खालून तोलून धरते ती स्नायूंची एक झोळी. ती जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत ताणलेली असते. तिच्यातला एक पट्टा पुढच्या हाडापासून निघून मलाशयाच्या टोकाला मागून वळसा घालतो आणि पुन्हा पुढे येतो. त्याच्या ओढीने तिथे नळीला बाक पडतो, पाण्याचा पाइप मुडपल्यासारखा. शौच रोखून धरता येते ते बरेचसे या बाकामुळे. उकिडवे बसले की बाक बराच सरळ होतो.

झोळीची अडचण अशी, की तिने वजन पेलायचे आणि मूल बाहेर येण्याएवढी वाटही द्यायची. बाळंतपणात ती कमालीची ताणली जाते. कधी तिचे स्नायू हाडापासून सुटतातसुद्धा. पुढे जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, डोक्यावरची ओझी यांचा दाब पडत राहतो, आणि पाळी गेल्यावर या ऊती आणखी दुबळ्या होतात.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीचा आधार गेला तर मूत्राशय खाली उतरते. मागच्या भिंतीचा गेला तर मलाशय पुढे फुगते. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध सैल झाले तर गर्भाशयच खाली सरकते. पुष्कळदा हे एकत्र घडते.

हे ऐकून बाईंनी विचारले, "त्यांना शौचाला बसल्यावर बोटाने आत दाबावे लागते, ते यामुळेच?" होय. मलाशयाच्या फुगवट्यात मळ अडकतो. बोटाने भिंत मागे दाबली की तो पुढे सरकतो. लघवी अपुरी होण्याचे कारणही तसेच, उतरलेल्या मूत्राशयाची नळी मुडपते.

उपाय आहेत. लघवी अडवताना आपण जे स्नायू आवळतो, ते रोज काही वेळा आवळून सैल सोडण्याचा व्यायाम अर्नॉल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडला. सुरुवातीच्या अवस्थेत तो काही महिने नेटाने केल्यास उपयोगी पडतो. पुढच्या अवस्थेत डॉक्टर योनिमार्गात आधाराची रिंग बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. अंग बाहेर आलेल्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता पट्टीने मागच्या हाडाशी बांधण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या नावाने ओळखली जाते.

सासूबाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, असे मी सांगितले. बाईंनी दुसरी आकृती वहीत उतरवून घेतली आणि माकडहाड कुठे, तेवढे पुन्हा विचारले.